मालकाची नक्कल

सरावाचा कॅम्प, ओहायो
२१ जुलै १९६६

ओडेसाताई,

करायला नको होतं ते करून बसलोय. आधी सगळं वाच, मग शिव्या घाल. अर्ध्यावर पत्र टाकून आत्याकडे पळत जाऊ नकोस.

इथं नवीन आलेल्याला जेवणाच्या हॉलमधे खुर्चीवर उभं करतात आणि आपल्या कॉलेजचं गाणं म्हणायला लावतात. बेसूर गायलास की उकडलेले बटाटे अंगावर. मी दोन वर्षांत कॉलेज सोडलेला माणूस, मला कसलं गाणं पाठ असणार? म्हटलं, गाणं राहू द्या, मी तुम्हाला मालक दाखवतो.

मालक म्हणजे मिस्टर कॅल्डर. त्यांच्या लाकडाच्या वखारी आहेत, घोडे आहेत, आणि त्यानंतर आमची फुटबॉलची टीम आहे. पहिल्या दिवशी आम्हाला चड्डीवर रांगेत उभं करून वजन घेतलं, छाती मोजली, मांड्या मोजल्या, तेव्हा हे समोर खुर्ची टाकून बसले होते. मग उठून एकेकाला भेटले. गोऱ्यांशी हात मिळवला. आम्हा काळ्यांच्या मानेवर थोपटलं. "शाब्बास रे माझ्या पोरा!" माझं नाव बघायला कागदसुद्धा उलटला नाही, पण मान चांगली दोनदा थोपटली.

तर मी खुर्चीवर चढलो, उशी पोटात खुपसली, पाव ओठात धरून सिगार केला. आणि माझ्या खोलीतल्या एझ्राभाऊला म्हणालो, "चल रे, तू घोडा." तो उठेना. दोघांनी ढकलून पुढं आणला. मी खाली उतरून त्याच्याभोवती फिरलो, मांडी दाबली, मान थोपटली, ओठ वर करून दात बघितले आणि कॅल्डरसाहेबांच्या आवाजात म्हणालो, "दात अजून बरे आहेत. दोन हंगाम ओढेल."

ताई, हॉल नुसता फुटला! गोरी पोरंसुद्धा टेबलं बडवत होती. एक जण तर खुर्चीसकट मागं पडला. आणि मग बघतो तर, दारात कॅल्डरसाहेब.

ते हसले. खरंच हसले. टाळ्या वाजवल्या, जवळ आले. "नाव काय तुझं?"

"जूनियस बॅटल, सर."

"आवाज बरा काढतोस."

आणि गेले. म्हणजे वाचलो की नाही?

एझ्राभाऊ मात्र बोलत नाहीये. हा आपल्या फॉन्टेनकाकांचा एझ्रा, आपल्या मेकन गावचाच. त्याला आणि मला एकाच खोलीत टाकलंय. आम्ही आठ काळे आहोत, आणि कायम जोडीतच असतो, मोज्यांसारखे. कारण गोऱ्याच्या खोलीत काळा ठेवायचा नाही, आणि एकट्याला अख्खी खोली द्यायची तर साहेबांच्या पोटात दुखतं. वर गंमत बघ, आम्हा दोघांची मैदानावरची जागाही एकच. समोरच्या टीमचा पळणारा गडी असतो ना, त्याला चेंडू झेलू द्यायचा नाही, त्याला चिकटून पळायचं. ह्या जागेसाठी काळ्यांनी काळ्यांशीच भांडायचं. तरी जेवणानंतर हा बाबा मला मैदानात नेऊन पाय कसे टाकायचे ते शिकवतो. सातवा हंगाम त्याचा! मी विचारलं, "भाऊ, तू मला शिकवलंस तर तुलाच घालवतील ना?" म्हणाला, "तू मूर्खासारखा पडलास तर लोक म्हणतील हे सगळे असेच. पाय जवळ ठेव."

त्याला हा एकच हंगाम हवाय. खरं म्हणजे एकच रविवार. सोळा ऑक्टोबरला आमची अटलांटात मॅच आहे. काकांनी त्याला इतक्या वर्षांत एकदाही खेळताना बघितलं नाहीये. पहिल्यांदा पोराची मॅच घराजवळ, आणि पहिल्यांदा म्हाताऱ्याला पाहिजे त्या खुर्चीवर बसता येणार, आता स्टेडियममधे काळ्यांना वेगळं बसवत नाहीत. ह्याच्या डोक्यात दुसरं काही नसतं.

तुझा,
जून्या


मेकन, जॉर्जिया
२९ जुलै

जून्या, गाढवा,

आजोबांच्या अंत्यविधीला तू शवपेटीमागं उभा राहून पाद्रीबाबांची नक्कल केली होतीस, तेव्हा आईनं तुला बुटानं मारलं होतं. मी मधे पडले. चुकलंच माझं.

तुझं पत्र दुकानात वाचलं. मिसेस टॉलिव्हरचे केस सरळ करत होते, हसता हसता गरम कंगवा तिच्या कानाला लागला. ती म्हणाली, "अगं, असं काय आहे त्या पत्रात, माझा कान भाजतेस?" मी सांगितलं नाही. कारण हसू थांबल्यावर मला ते तितकंसं हसण्यासारखं वाटेना.

तू लिहितोस मालक हसला. कसा हसला ते नाही लिहिलंस. मी लहान असताना ज्या घरी कपडे धुवायला जायचे, तिथला म्हातारा माझ्या तोंडून बायबलातली वाक्यं म्हणवून घ्यायचा आणि पाहुण्यांसमोर असाच टाळ्या वाजवायचा. त्याला वाईट नाही म्हणत मी. पण त्यानं मला कधी खुर्ची दिली नाही.

आणि एझ्राला का घोडा केलास? तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस! माफी मागितलीस का? मागितली नसशील तर हे पत्र खाली ठेव आणि माग.

फॉन्टेनकाकांनी अटलांटाच्या मॅचला जायला चर्चमधे बस ठरवलीय. रोज येऊन मला विचारतात, "स्टेडियममधे ऊन कुठल्या बाजूला असतं?" मला काय माहीत! एझ्राला विचारून कळव. डीकन आहेत, प्रार्थना चालवतात, पण परवा प्रार्थनेत मधेच म्हणाले, "हे प्रभो, आणि त्या दिवशी पाऊस नको." अख्खं चर्च आमेन म्हणालं.

ओडेसा


कॅम्प, ओहायो
९ ऑगस्ट

ताई,

माफी मागितली. एझ्राभाऊ म्हणाला, "ठीक आहे, माझे दात बघितलेस तर निदान खरं बोललास." म्हणजे बोलायला लागला. ऊन डावीकडं असतं, काकांना उजवीकडं बसायला सांग.

आता पुढचं ऐक. काल कॅल्डरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला वाटलं बक्षीस देतायत. तसंच काहीसं निघालं. हंगाम सुरू व्हायच्या आधी ते फार्मवर जेवण देतात, शहरातली मोठी माणसं येतात. म्हणाले, "तुम्ही दोघं तो खेळ करा. घोड्याचा. माझ्या मंडळींना आवडेल."

मी तर हो म्हणायला तोंड उघडलंच होतं. एझ्राभाऊ म्हणाला, "नाही, सर."

"अरे, मस्करी आहे. मला राग आलेला नाही."

"तुम्ही नव्हतात तोपर्यंत मस्करी होती, सर."

साहेबांनी सिगार खाली ठेवला. "एझ्रा, तू कुणाच्या टीममधे आहेस?"

"तुमच्या."

"मग तू कुणाचा?"

एझ्राभाऊ अगदी हळू बोलला. म्हणाला, "टीम तुमची आहे, सर. खुर्ची तुमची, चेंडू तुमचा, अंगातला शर्टसुद्धा तुमचा. मी फुटबॉल खेळायची सही केलीय."

त्याला बाहेर जायला सांगितलं. मला दोन मिनिटं थांबवलं. विशेष काही नाही, घरचं वगैरे विचारलं.

आज सरावाला एझ्राभाऊला बाजूला उभा केला. अख्खा दिवस. हेल्मेट हातात धरून.

जून्या


मेकन
१७ ऑगस्ट

जून्या,

दोन मिनिटांत नव्या पोराचं घरचं विचारणारा मालक मी अजून पाहिलेला नाही. बरं, असेल.

परवा एझ्रा बसमधून उतरला. हातात एक सुटकेस. काका म्हणाले, "अरे, ऑक्टोबर अजून लांब आहे!" तो म्हणाला, "थोडी सुट्टी दिलीय, पप्पा." मी तिथंच होते, पोस्टाच्या दारात. त्यानं मला बघितलं आणि मान हलवली, की बोलू नकोस.

नंतर दुकानात येऊन मला सांगितलं. बेशिस्त म्हणून बसवलंय. टीममधून काढलेलं नाही, नुसतं बसवलंय. मला वाटलं, मग बरंच की. म्हणाला, "ओडेसा, काढलं असतं तर बरं होतं. काढला तर मी मोकळा. बसवलं म्हणजे मी त्यांच्याच राखीव यादीत. दुसरा कुणी हात लावू शकत नाही."

आणि जून्या, दुसरा आहे! अटलांटावाल्यांनी शेजारच्यांकडं फोन केला होता. त्यांना ह्याच जागेचा गडी हवाय. म्हणाले, "तुझ्या मालकाचं सोडपत्र आण, उद्या ये." कळतंय का तुला? काकांचा पोरगा अटलांटाकडून खेळेल! दीड तासाच्या रस्त्यावर! काकांना अजून सांगितलेलं नाही, पत्र हातात आलं की सांगणार आहे.

तुझ्यावर तो मालक खूश आहे ना? मग विचार ना त्याला. तुझ्या तोंडाचा एकदा तरी चांगला उपयोग होऊ दे.

ओडेसा


कॅम्प, ओहायो
२५ ऑगस्ट

ताई,

एझ्राभाऊ गेला त्या दिवशी आम्ही सात उरलो. तू म्हणशील, मग? अगं, सात! सातवा कुणाबरोबर झोपणार? जेवताना सगळे मनातल्या मनात मोजत होते. एक आणायचा किंवा एक घालवायचा. इथं ज्याला घालवायचं त्याच्याकडं एक माणूस येतो आणि म्हणतो, "कोचनं बोलावलंय, वही घेऊन ये." वहीत आमच्या सगळ्या चाली लिहिलेल्या असतात. वही मागितली की समजायचं, संपलं.

मला वाटलं माझ्याकडंच येणार. एझ्राभाऊची अर्धी जोडी मी. खोलीत एकटा मी. मी वही उशीखाली घालून वर बसलो, जसं काही सापडली नाही तर मला ठेवतील.

तो माणूस दोन दारं पुढं गेला. मिल्टन हारग्रोव्ह म्हणून टेक्सासचा पोरगा होता. उंच, तोतरा, देवमाणूस. कुणाला कधी चिमटाही काढला नाही त्यानं. त्या दिवशी दोनदा चेंडू पळवला होता, कोच स्वतः शाब्बास म्हणाले होते. त्याला घालवला. जाताना मला विचारतो, "ज्... जून्या, मी काय चुकलो रे?" मी काय सांगू? तू काही चुकला नाहीस, तू सातवा होतास? मी त्याची बॅग उचलून बसपर्यंत नेली आणि सगळ्या वाटेनं विनोद सांगितले. तो हसला पण. मला हसवायचंच येतं ना.

त्याचा जोडीदार आता माझ्या खोलीत आलाय. घोरतो.

सोडपत्राचं मी करतो. बोलणं झालंय साहेबांशी. रविवारी फार्मवर जातोय, तिथंच हातात देतो म्हणालेत. एझ्राभाऊला सांग, सुटकेस उघडू नकोस.

जून्या


मेकन
२० सप्टेंबर

जून्या,

जिवंत आहेस का? पेपरात तुझं नाव दिसतं, म्हणजे असशील. पत्र आलेलं नाही. तुझंही नाही आणि ते दुसरंही नाही. एझ्रा रोज पोस्टात जातो. काय झालं त्या रविवारी फार्मवर?

ओडेसा


२७ सप्टेंबर

ताई, बरा आहे. सामने चालू आहेत, वेळ नाही. पत्र येईल असं म्हणतात. — जू.


मेकन
१८ ऑक्टोबर

जून्या,

मॅच संपल्यावर तू बसजवळ आलास, आम्हाला भेटलास आणि एक शब्द न बोलता पळालास. तू! न बोलता! मी काही आंधळी नाही.

काकांचं लिहिते, कारण तुला विचारायचं धैर्य नव्हतं. एझ्रानं त्यांना सांगितलंय की गुडघा गेला, म्हणून मीच सोडलं. मालकाचं नाव घेतलं नाही, तुझं नाही, अटलांटाच्या फोनचं तर अजिबात नाही. तो आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतो. गुडघा गेलेला माणूस शंभर शंभर पौंडांच्या लाद्या उचलतो, आणि बाप रोज बघतो, आणि विचारत नाही.

तरी काका मॅचला आले. मी म्हटलं, "काका, कशाला? एझ्रा तर नाही खेळत." म्हणाले, "बस ठरवलीय. आणि तुझा भाऊ खेळतोय ना." एझ्रा नाही आला. कामावर होता, असं म्हणाला. रविवारी कारखाना बंद असतो.

उजवीकडं बसलो आम्ही. गोऱ्यांच्या मधोमध. काकांनी दोन्ही बाजूच्यांना नमस्कार केला, एकानं परत केला. मग सगळा वेळ त्यांनी फक्त तुझ्याकडं बघितलं. चेंडू कुठंही असो, ते तुझ्याकडं. तिसऱ्या डावात तू त्या उंच गड्याच्या हातातून चेंडू उडवलास, तेव्हा उभे राहिले आणि कितीतरी वेळ उभेच राहिले. मागचा माणूस ओरडला, "बसा हो, आजोबा!" मी बाही ओढली. ते मला म्हणाले, "ओडेसा, हे पाय माझ्या पोराचे आहेत. हे त्यानं शिकवलंय. मी एझ्राला लहानपणापासून असाच पळताना बघितलाय, वाण्याच्या दुकानातून घरी." आणि मग तोंडावर रुमाल धरला.

मी त्यांना काय सांगू, जून्या? तू मला खरं काय ते सांग. त्या दोन मिनिटांतलं पण.

ओडेसा


२४ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन फाडली, त्यात विनोद होते.

एझ्राभाऊला बाहेर पाठवलं तेव्हा साहेबांनी मला विचारलं, "ती दातांची कल्पना कुणाची?" हसत विचारलं, अगदी चुलत्यानं विचारावं तसं. मी म्हणालो, "एझ्राची, सर. त्यानंच शिकवलं मला."

का म्हणालो माहीत नाही. नाही, माहीत आहे. मला घरी जायचं नव्हतं. मला वाटलं तो जुना आहे, सात वर्षांचा, त्याला कोण काय करणार? नव्या पोरानं नक्कल केली तर गंमत असते, त्याला सांभाळून घेतील असं साहेबांच्या तोंडावर दिसत होतं, आणि तरी मी म्हणालो. साहेब म्हणाले, "वाटलंच मला. हाच पोरांना खेळाडूंच्या संघटनेत ओढतो, मागण्या लिहून आणतो. डोकं ह्याचंच." मान थोपटली माझी. म्हणाले, "तू खरं बोललास."

मग मिल्टन गेला. मग तुझं पत्र आलं, अटलांटाचं. मी साहेबांकडं गेलो. म्हटलं, "सर, एझ्राला सोडपत्र द्या." खरं सांगायला गेलो होतो, ताई. दारापर्यंत ते ओठावर होतं. आत गेल्यावर निघेना. साहेब म्हणाले, "रविवारी तो खेळ करतोस का? कर, देतो."

"पण घोडा कोण होणार, सर?"

"तू. मालक मीच होतो, मला मी चांगला जमतो."

हिरवळीवर टेबलं मांडली होती. मक्याची कणसं, भाजलेलं मांस, बायका पांढऱ्या हॅटमधे. मला टीमचा शर्ट घालून उभं केलं. साहेब माझ्याभोवती फिरले. मांडी दाबली. मी तर हॉलमधे नुसतं दाबल्यासारखं केलं होतं, त्यांनी खरंच दाबली, जसा रोज करणारा माणूस दाबतो. मग ओठ वर केला. बोटांना सिगारची चव होती. ते म्हणाले, "दात अजून बरे आहेत. दोन हंगाम ओढेल." माझंच वाक्य, शब्दन् शब्द. लोक हसून हसून बेजार. आणि मी, ताई, मी खिंकाळलो. कुणी सांगितलं नव्हतं. लोक हसत होते ना, म्हणून. एक छोटी मुलगी पुढं आली आणि बापाला म्हणाली, "मला पण बघू दे दात." साहेबांनी तिला उचलून धरलं. मी तोंड उघडलं.

नंतर सगळे पांगल्यावर मी पत्र मागितलं. साहेबांना आधी आठवेनाच. मग म्हणाले, "अरे, ते तर खेळातलं होतं." मी म्हटलं, "तुम्ही शब्द दिलात, सर." तर म्हणाले, "पोरा, तो गडी माझा आहे. मी त्याला पळवीन, नाहीतर तबेल्यात बांधून ठेवीन. दुसऱ्यानं पळवलेला मला बघवणार नाही." रागानं नाही म्हणाले. माझ्या हातात मक्याचं कणीस दिलं.

मी ते खाल्लं.

आता तुला वाटेल, हा जाऊन एझ्राभाऊच्या पाया का पडत नाही. त्याचं कारण तुला माहीत नाही. एझ्राभाऊ मला दर आठवड्याला पत्र लिहितो. पेपरात मॅच वाचतो, रेडिओ ऐकतो, आणि लिहितो, डाव्या पायावर वजन लवकर टाकतोस, त्या गड्याच्या कमरेकडं बघ, डोळ्यांकडं नको, डोळे फसवतात. अटलांटाच्या मॅचनंतर चार पानं आली. शेवटी लिहिलंय, "पप्पा म्हणाले तू छान खेळलास. त्यांना तेवढं मिळालं, बरं झालं." बर्फ उचलून आलेल्या हातानं लिहितो, अक्षर सगळं वाकडं. मी त्याचं नाव सांगितलं हे त्याला कळलं तर ती पत्रं थांबतील. आणि घोड्याचं कळलं तर तो म्हणेल, माझ्यासाठी केलंस, आणि मला माफ करून टाकेल, ते तर मला मुळीच नको आहे.

साहेबांना खरं सांगेन. हंगाम संपला की सांगेन. आत्ता सांगितलं आणि एझ्राभाऊला परत बोलावलं तर आम्ही परत सात होऊ, आणि अजून एक मिल्टन घरी जाईल. हे खरं कारण आहे की मी भितो म्हणून शोधलंय, ते मलाही कळत नाही. तूच सांग.

पण दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, ताई. काकांना नको. चर्चमधे नको, प्रार्थनेतसुद्धा नको, तिथं मोठ्यानं म्हणायची सवय आहे तुला. मिसेस टॉलिव्हरला नको, तिचा कान भाजला तरी नको. आत्याला नको. आणि एझ्राभाऊ दुकानात आला, समोर बसला, आणि सरळ विचारलं त्यानं, तरी नको. मी कधी तुझ्याजवळ हट्टानं काही मागितलं नाही, खोटं, सारखं मागतो, पण हे शेवटचं. हे पत्र चुलीत घाल. पाया पडतो तुझ्या, ताई, कुणाला सांगू नकोस.

जूनियस